अचल घट आणि काळधूपाची कुपी

एका राज्यात एक राणी होती, आणि तिने एक व्रत धरलं होतं. त्या व्रताची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचं बरं आणि वाईट, दोन्ही तिथूनच निघालं.

राणीचं नाव देवकांता. मनाने मऊ, देवाधर्माची. सोमवार करायची, चतुर्थी करायची, शनिवारी वारुळाशी जाऊन मुंग्यांना पीठसाखर घालायची. तिला एकच लेक, सात वर्षांची कुंदा. एका भाद्रपदात कुंदाला ताप भरू लागला. ताप तरी कसा? एक दिवस तापाचा, एक दिवस बिनतापाचा. तापाच्या दिवशी दुपारी पोरीला हुडहुडी भरायची, चार गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे. मग अंग तव्यासारखं तापायचं. मग घामाने अंथरूण भिजायचं. आणि दुसऱ्या दिवशी हीच पोर अंगणात सागरगोटे खेळायची. राणीला काही उमजेना. आजारी म्हणावी तर पोर हसते आहे, बरी म्हणावी तर उद्याचं भय आहेच.

राणी देवघरात गेली, हात जोडून म्हणाली, "आई, लेकीच्या दालनाभोवती एकवीस घट मांडते. सात नद्यांचं पाणी आणून काठोकाठ भरते. सूर्याने पाहावं, चंद्राने पाहावं, म्हणून ते झाकणार नाही. माझ्या कुंदाचं अंग निवेपर्यंत ते पाणी हलवणार नाही, कुणाला हलवू देणार नाही."

घट मांडले. आठ दिवस ताप आला नाही. राणीने देवीची ओटी भरली. नवव्या दिवशी ताप परत आला. राणीला वाटलं, आपलंच काही कमी पडलं. तिने आणखी एकवीस घट मांडले.

महालात आवडाई नावाची म्हातारी दासी होती. राणीला लहानपणी तिनेच न्हाऊमाखू घातलेलं, त्यामुळे तिची जीभ जरा सैल. ती एकदा म्हणाली की घटांत काहीतरी वळवळतंय, ओतून देऊ का. राणीने कानांवर हात ठेवले. सात नद्यांच्या पाण्यात जीव दिसावेत ही तर कृपाच, असं तिने आवडाईला समजावलं. दिवेलागणीला घटाच्या काठावर एक नाजूक किडा येऊन बसे. पाय लांब, पंखांवर बारीक ठिपके. डोकं खाली टेकलेलं आणि पाठ वर उचललेली, जणू देवापुढे वाकून नमस्कार घातला आहे. राणीने कौतुकाने त्याचं नाव भक्तीण ठेवलं. आवडाईने एकदा भक्तिणीवर हात उगारला, तो राणीने वरच्यावर धरला.

"तुझ्यापेक्षा ती बरी वाकते," राणी म्हणाली.

"तिचे गुडघे दुखत नसतील, बाईसाहेब," आवडाई म्हणाली.

आता राजाचं ऐका. राजाचं नाव हिरण्यसेन. मनाने चांगला, पण उतावळा. दसऱ्याला सीमोल्लंघनाहून परतताना तो हत्तीवरून उतरला, आणि एका गांधीलमाशीने त्याच्या नाकाच्या शेंड्यावर डंख मारला. नाकाचं वांगं झालं. दरबारात कुणी हसलं नाही. पडद्याआडून तेवढा आवडाईचा खोकल्यासारखा आवाज आला. त्याच दिवशी राजवैद्य सांगायला आले की राजकन्येचा ताप हा कुठल्यातरी किड्याच्या चाव्याने येतो. कुठल्या, ते त्यांच्या पोथीत लिहिलेलं नव्हतं.

राजाने नाक चाचपलं आणि विचारलं, "किडे किती जातींचे?"

"मोजता येत नाहीत, महाराज."

"मग निवडत कोण बसणार? सगळेच नकोत."

असं म्हणून त्याने काळधूपाला बोलावणं धाडलं. काळधूप म्हणजे तीन डोंगरांपलीकडचा मायावी. अंगाने काडी, डोळे निखारे, हातात तांब्याचं धुपाटणं. त्याने सात दिवस सात दिशांना धूर घातला. धुरामागून राज्यातले सगळे किडे निघाले. उडणारे उडत, सरपटणारे सरपटत, भिंतीतले भिंतीतून, धान्यातले धान्यातून, आणि सगळे त्याच्या वीतभर काळ्या कुपीत शिरले. कुपी भरली नाही. मायावी कुपी कधी भरत नसते. काळधूपाने तोंडावर लाखेची मोहोर केली. राजाने मोबदला विचारला. तो म्हणाला की आज नको, गुढ्या उभारल्या की येईन, एकच वस्तू मागेन. राजाने वस्तू कुठली ते विचारलं नाही आणि होकार दिला.

पहिला महिना लोक सुखात झोपले. ढेकूण नाही, पिसू नाही, माशी नाही. गावातला हिवताप ओसरला. घराघरांत राजाचा जयजयकार झाला. नवल एवढंच, की महालातला ताप गेला नाही. कुंदाला तर येतच होता, पण आता पहारेकऱ्याला आला, माळ्याला आला, पाणक्याला आला. राणी घटांपुढे बसून विचारायची, "आई, ज्यांनी घट मांडले नाहीत ते बरे झाले. मी मांडले, मग माझ्याच अंगणात हे काय?" काठावर भक्तीण तेवढी वाकून बसलेली असायची.

मग हळूहळू सगळ्याच गोष्टी कळेनाशा झाल्या. आंब्याला मोहोर आला, पण कैरी धरेना. दुधीच्या वेलावर फुलं उमलायची आणि तशीच गळायची. रस्त्यावर शेण पडलं की पडूनच राही, त्याची माती होईना. मेलेलं जनावर दहा दहा दिवस तसंच. रेशमाचे माग थांबले, कारण कोश नाहीत. कासाराकडे लाखेचा चुडा मिळेना. पाखरं राज्य सोडून गेली, आणि सकाळ अशी मुकी उजाडू लागली की लोकांना उठायला उशीर होई. राणीला सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच. पूजेला पंचामृत करायला बसली, दूध, दही, तूप, साखर वाटीत घातली आणि हात थांबला. राज्यात मध नव्हता. चार अमृतांची वाटी देवीपुढे ठेवताना तिला मान वर करवेना.

गुढीपाडवा आला. राजाने कशीबशी गुढी उभारली, नव्या रेशमी वस्त्राशिवाय. काळधूप दारात उभा राहिला.

"वस्तू सांग," राजा म्हणाला.

"धुपाटणं फुंकायला एक मुलगी हवी. कुंदा दे. अक्षय तृतीयेला न्यायला येईन."

राजाने तलवारीला हात घातला, तर तलवारीचा धूर झाला. काळधूप निघून गेला. राजा पायरीवर बसला आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याने राणीला विचारलं की आता काय करावं. राणीला काय ठाऊक? तिला तर घट मांडल्यापासून एकही गोष्ट धड कळलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी राणी कुंदाची वेणी घालत होती. खिडकीच्या गजावर एक पाखरू येऊन बसलं. हिरवं अंग, बाकदार चोच, शेपटीत एक काडी पुढे आलेली. वेडा राघू तो. हाडाचा सापळा झाला होता.

"बाई," राघू म्हणाला, "लोक मला वेडा म्हणतात. आणि माझं जेवण कुपीत कोंडणाऱ्याला शहाणा म्हणतात."

राणीने त्याला डाळिंबाचा दाणा दिला. त्याने मान फिरवली. आपल्याला उडतं जेवण लागतं, असं तो म्हणाला. मग त्याने सांगितलं की काळधूपाला किडे कोंडायचा मंत्र मिळाला तो एका अटीवर. जी बाई स्वतःच्या पायांनी त्याच्या गुहेशी येईल, तिला त्याने तीन कामं सांगायची. तिन्ही झाली तर कुपी तिची, आणि कुपीबरोबर त्याने मोबदल्यात जे जे मागितलं असेल तेही तिचं. एकही हुकलं तर मात्र मुलगी त्याच दिवशी त्याची.

राणीने विचार केला नाही, कारण विचार करून तिला काही सुचतच नव्हतं. कुंदाला आवडाईच्या स्वाधीन केलं, डोक्यावर उन्हाला आडोसा म्हणून सूप धरलं आणि राघूच्या मागे चालू लागली. पहिल्या दिवशी पहिला डोंगर, दुसऱ्या दिवशी दुसरा. तिसऱ्या दिवशी तिसरा, आणि त्यापलीकडे गुहा आली. काळधूप दारातच बसला होता. त्याने कुपीची मोहोर न फोडता कुपी नुसती वाकडी केली, आणि समोर कमरेएवढा ढीग पडला. राज्यातल्या जातीजातींतले थोडे थोडे, धुराने गुंगलेले, निजलेले जीव.

"पहिलं काम," काळधूप म्हणाला. "यात किडे आहेत, आणि किड्यांच्या गर्दीत चुकून आलेले आहेत. वेगळे कर."

राणी ढिगाकडे पाहतच राहिली. सगळेच वळवळे, सगळेच केसाळ. देवाने इतके पाय कशाला केले असतील, असं तिच्या मनात आलं. मग तिच्या हाताने आपणहून सूप पुढे ओढलं. निवडणं तरी तिला येत होतं. जन्मभर तांदळातले खडे निवडले होते. तिने मूठभर जीव सुपात घेतले आणि पाय मोजू लागली. मुंगीला सहा, झुरळाला सहा, भुंग्याला सहा. डोकं वेगळं, छाती वेगळी, पोट वेगळं, आणि सहाही पाय छातीलाच फुटलेले. कोळी निघाला आठ पायांचा. विंचू आठ पायांचा. गाईच्या कानातली गोचीडही आठ पायांची. ते तिने बाजूला काढले. गोमेचे पाय मोजता मोजता ती तीनदा चुकली, आणि मग न मोजताच तिला बाजूला ठेवलं. सुरवंटापाशी अडली. त्याला पुढेही पाय, मागेही पाय. बाजूला टाकायला हात उचलला, तेवढ्यात तिला दिसलं की पुढचे सहाच खरे, नखांचे. मागचे नुसते मांसाचे उंचवटे. मूल रांगताना गुडघे टेकतं तसे. तिने त्याला सुपातच ठेवलं.

"झालं," ती म्हणाली.

काळधूपाच्या धुपाटण्यातला एक निखारा विझला.

"दुसरं काम. यांची कुळं लाव."

राणीने आजूबाजूची मोठी पानं आणली आणि सात ठिकाणी अंथरली. घरात कपड्यांच्या घड्या लावायची तसं तिने सुरू केलं. पोत बघायचा, काठ बघायचा. पहिल्या पानावर वरचे पंख ढालीसारखे टणक आणि त्यांखाली मऊ पंखांची घडी, असे सगळे भुंगे. दुसऱ्यावर फुलपाखरं आणि पतंग. त्यांना शिवलं की बोटाला रंगीत पीठ लागे. तिसऱ्यावर काचेसारखे चार पंख आणि बारीक कंबर, म्हणजे मधमाशा आणि गांधीलमाशा. चौथ्यावर दोनच पंखांचे, म्हणजे माशा आणि डास. त्यांच्या मागच्या पंखांच्या जागी दोन इवल्या घुंड्या होत्या. पाचव्यावर तोंडाच्या जागी सुई असलेले. सहाव्यावर मागचे पाय लांब घडीचे, टोळ आणि नाकतोडे. सातव्यावर चतुर, ज्यांना बिचाऱ्यांना पंख मिटताच येत नाहीत. उरलेसुरले ऊ, पिसू, झुरळं तिने कडेला ठेवले, प्रत्येकाला वेगळं पान.

हे करताना ती दोनदा फसली. फुलांवरची एक माशी पिवळ्याकाळ्या पट्ट्यांची, अगदी मधमाशी. राणीने ती तिसऱ्या पानावर ठेवली, आणि लगेच गुहेतला धूर दाट झाला, राघू ठसकू लागला. तिने पुन्हा उचलून पाहिलं. पंख दोनच. लुगडं दुसरीचं नेसली होती, एवढंच. मग मुंगी आणि वाळवी. वाळवीला सगळे पांढरी मुंगी म्हणतात, म्हणून राणीने मुंगीला मधमाश्यांच्या पानावर ठेवताना तिलाही शेजारी ठेवलं. धूर आणखी दाट झाला. राणीने डोळे पुसून निरखलं. मुंगीची कंबर चिमटीत मावणारी, वाळवीला कंबरच नाही. कंबर नसलेलं आणखी कोण? तिने वाळवी झुरळाशेजारी नेऊन ठेवली. धूर विरळ झाला. दुसरा निखारा विझला.

पण पाचव्या पानाकडे पाहून राणीच्या मनात नवाच गोंधळ उठला. सुईच्या तोंडाच्या त्या कुळात ढेकूण होता, आणि त्याच्या शेजारी लाख देणारा इवला किडा होता. म्हणजे ढेकणाच्या भावकीतला चुडा तिने लग्नात हातात भरला होता.

"तिसरं काम," काळधूप म्हणाला. "यातलं माणसाचं वैरी कुळ कुठलं ते सांग. एका कुळावर हात ठेव."

राणीला वाटलं, हे सोपं. तिने भुंग्यांवर हात नेला, कारण धान्यातले सोंडे भुंगेच. पण त्याच पानावर ठिपक्यांचा लाल भुंगा होता, जो पिकावरचा मावा खातो, आणि शेणाचे गोळे लोटणारा होता, ज्याच्यावाचून राज्यभर शेण पडून राहिलं होतं. तिने हात मागे घेतला. पिठाळ पंखांच्या कुळात अळ्या कोबी पोखरणाऱ्या, आणि त्याच कुळात देवीच्या पैठणीचं रेशीम. बारीक कंबरेच्या कुळाने राजाचं नाक सुजवलं, आणि त्याच कुळाने पंचामृत पुरं केलं. माशी अन्नावर घाण आणते, पण तिची अळी मेलेलं जनावर संपवून टाकते. वाळवीने पोथ्या खाल्ल्या, आणि रानातल्या पडलेल्या लाकडांची माती तिनेच केली. टोळ तरी? टोळधाड आली तर शेत उरत नाही. पण राघूकडे पाहिलं, तर त्याच्या चोचीत पाणी सुटलेलं.

राणीने सूप बाजूला ठेवलं. "मला ठरवता येत नाही," ती म्हणाली. "एका घरात चार जणी असतात, एक भांडते, एक जेवायला वाढते. घराला वैरी कसं म्हणू? एकही कुळ सबंध वैरी नाही."

काळधूपाने धुपाटणं फुंकलं. मग त्याचा आवाज मऊ झाला, आणि मऊ आवाज जास्त भयाचा होता.

"कुळ नको. एकीला दाखव. तुझ्या लेकीला ताप देणारी या सगळ्यांत कुठली? चुकलीस तर मुलगी माझी."

राणी पुन्हा ढिगाशी गेली. पान उचलून पाहिलं, ठेवलं, दुसरं उचललं. चावणारे तर कितीतरी होते. ढेकूण चावतो, पिसू चावते, गोमाशी चावते, डास चावतो. कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नव्हतं. कुंदा आता गोधड्यांखाली कुडकुडत असेल, एवढंच तिला स्पष्ट दिसत होतं.

आणि तिथेच ती थांबली. कुंदा आत्ताही कुडकुडत असेल. महिने झाले, राज्यातला एकूण एक किडा या कुपीत आहे, तरी ताप येतोच आहे. ताप कुपीत नाही. मग ताप देणारी कुपीत कशी असेल? ती बाहेर आहे. गावाचा ताप गेला, महालाचा राहिला, म्हणजे ती महालात आहे. आणि धूर झाल्यापासून महालात किडा म्हणून राणीने पाहिला होता तो एकच.

तिने दोन पंखांचं पान जवळ ओढलं. निजलेले डास बहुतेक आडवे, सपाट बसलेले. डोकं टेकून, पाठ उचलून, नमस्कार घालून निजलेल्या थोड्याच, पंखांवर ठिपके असलेल्या. गावाला ताप देणाऱ्या त्या याच असाव्यात; तिच्या लेकीला ताप देणारी त्यांची बहीण मात्र बाहेर होती.

राणी उठून उभी राहिली.

"ती तुझ्या कुपीत नाही. ती माझ्या अंगणात आहे. मीच तिला सांभाळलं."

"बाहेर कशी राहिली?"

राघू गजावर बसावा तसा तिच्या खांद्यावर येऊन बसला. "धूर पाण्याखाली शिरत नाही," तो म्हणाला. "तिची पोरं पाण्यात वाढतात. तळ्यात असती तर माशांनी खाल्ली असती. बाईच्या घटांत मासा कुठून येणार? आणि डास धरून खाणारे चतुर तर तूच कोंडलेस."

तिसरा निखारा विझला. कुपीवरची लाखेची मोहोर लाख देणाऱ्या किड्याच्याच कुळाची. ती आपल्या माणसांना वाट देत आपोआप वितळली. कुपीतले उरलेले बाहेर पडले. ढीग हलला, कुजबुजला, उठला आणि घोंघावत राज्याकडे निघाला. काळधूपाचं आधी अंग विरलं, मग डोळे. शेवटी धुराची एक बारीक रेघ उरली, तीही वाऱ्याने नेली. राघूने उडता उडता एक गांधीलमाशी हवेत पकडली, दगडावर आपटून नांगी काढली आणि गिळली.

"राजाच्या नाकाचा सूड," तो म्हणाला.

राणी तीन दिवस चालून घरी आली. अंगणात बेचाळीस घट काठोकाठ भरलेले होते. आत कुंदाचे दात वाजत होते. राणी पहिल्या घटापुढे उभी राहिली आणि तिचा हात पुढे होईना.

ही भीती काळधूपापुढे वाटली नव्हती. पाणी हलवणार नाही, असा शब्द दिला होता, आणि शब्द लेकीच्या जिवावर दिला होता. पाणी ठेवावं तर ताप. ओतावं तर शब्द मोडला, आणि त्याची शिक्षा पोरीलाच झाली तर? पाण्यात खाली वळवळ चालली होती. काठावर भक्तीण वाकून बसली होती. राणीने देवघराकडे पाहिलं.

आवडाई काठी टेकत आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी ओतते. देवी रागावली तर माझं नाव सांगा. माझे किती दिवस राहिलेत?"

"नाही आवडाई," राणी म्हणाली. "व्रत माझं, मोडणारी मीच. आई, मी पाण्याचा शब्द दिला, पण मागणं पाण्याचं नव्हतं, लेकीचं होतं. रागवायचं तर माझ्यावर रागव."

तिने पहिला घट उचलला आणि तापलेल्या वाळूवर पालथा केला. वळवळणारे जीव क्षणभर तडफडले, वाळले. राणी डोळे मिटून उभी राहिली. वीज पडली नाही. घट फुटला नाही. घराच्या मागच्या बाजूला कुणीतरी धुणं आपटत होतं, तो आवाज तसाच चालू राहिला. मग तिने दुसरा घट उचलला, आवडाईने तिसरा, आणि चौथ्याला स्वतः राजा आला. संध्याकाळपर्यंत बेचाळीसही रिकामे झाले, आतून काथ्याने घासले, उन्हात पालथे घातले. भक्तीण दोन दिवस रिकाम्या काठांवर पाणी शोधत फिरली. तिसऱ्या दिवशी परत आलेल्या चतुरांनी तिला गाठलं.

वैद्यांनी कडू सालीचा काढा दिला. कुंदाने तो तोंड वाकडं करत प्यायला. एक ताप आला, जरा हलका. मग एक आला, त्याहून हलका. मग तापाचा दिवस उजाडला, दुपार झाली, ऊन कललं, आणि राणी गोधडी घेऊन बसलेली तशीच बसून राहिली. पोर अंगणात सागरगोटे खेळत होती.

अक्षय तृतीयेला काळधूप आला नाही. दारात आला तो एक तहानलेला वाटसरू. राणीने घासलेल्या घटांतला एक ताज्या पाण्याने भरून त्याच्या हातात दिला. मग दुसरा दुसऱ्याला. बेचाळीस घट दान झाले, आणि वेशीवर पाणपोई सुरू झाली. ज्या पाण्याला राणी हात लावू देत नव्हती, ते आता सकाळी भरायचं आणि सांजेपर्यंत संपायचं. त्या वर्षी आंबा मिळाला नाहीच. पण मांडवाच्या वेलावर मधमाशा आल्या होत्या, आणि नैवेद्याला एक बोटभर काकडी निघाली. पंचामृताच्या वाटीत मधाचा थेंब पडला तेव्हा राणीला देवीच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं. हसू होतं की उजेड, ते तिला आजवर ठरवता आलेलं नाही.

राज्यात ढेकूणही परतले. आवडाई रोज उठून राणीला ऐकवायची की सुटका करायचीच होती तर यांना तेवढं विसरायचं होतं, आणि बाजा उन्हात काढून आपटायची. राजाने हुकूम काढला की ओळख पटल्यावाचून कुणी कुठल्या जिवावर हात उगारू नये. गांधीलमाशीने त्याच्याच दिवाणखान्याच्या चौकटीला घर बांधलं. तेव्हापासून राजा बाजूच्या दाराने ये-जा करतो.

राणीने व्रत टाकलं नाही. तिने देवीकडून नवं मागून घेतलं, आणि ऐकणाऱ्या बाई, तेच मी तुझ्याकडे मागते. शनिवारी मुंग्यांना पीठसाखरेची चिमूट घाल. दर आठव्या दिवशी घरातलं साठलेलं पाणी, घटातलं, कुंडीखालचं, माळ्यावरच्या फुटक्या मडक्यातलं, सगळं ओत, भांडी घास, एक दिवस उन्हात पालथी घाल. चप्पल उचलण्याआधी पाय मोज. आणि देवाजवळ काही मागताना शब्द द्यायचाच असेल, तर असा दे की त्यातून कुणाची तरी तहान भागेल. देवकांतेचं अंगण निवलं, तुझंही निवो.